यासुके : पंधरा महिन्यांचे चरित्र

२७ मार्च १५८१ हा ईस्टरनंतरचा सोमवार होता. त्या दिवशी जपानची राजधानी क्योटो येथे जेझुइट धर्मप्रसारकांच्या मठासमोर एवढी गर्दी लोटली, की दाराशी पहारा असूनही दार मोडते की काय अशी स्थिती झाली. दगडफेक झाली, माणसे जखमी झाली, काही मरता मरता वाचली. निमित्त होते मठात उतरलेल्या एका आफ्रिकी माणसाचे. एवढा काळा माणूस राजधानीतल्या लोकांनी आजवर पाहिला नव्हता. याचे प्रदर्शन मांडून पैसे घेतले, तर थोडक्या दिवसांत आठ-दहा हजार क्रुझादो सहज जमतील, असे लोक आपसात बोलत होते. ही हकिकत लुईश फ्रोइश या पोर्तुगीज पाद्र्याने पुढच्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात आली आहे.

ज्याच्यासाठी ही झुंबड उडाली, तो माणूस जपानच्या इतिहासात यासुके या नावाने राहिला. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २० मार्च २०२५ रोजी बाजारात आणलेल्या ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ या व्हिडिओ गेमचा तो एक नायक आहे. मे २०२४ मध्ये गेमची घोषणा झाली तेव्हापासून यासुके खरोखर सामुराई होता की नुसताच नोकर, यावर जगभर रणे माजली. गेम नोव्हेंबर २०२४ मध्ये यायचा होता, तो दोनदा पुढे ढकलला गेला. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी आपापल्या काळाचे हिशेब एका मेलेल्या माणसाच्या खात्यावर चुकते केले. मूळ कागदांत मात्र त्याच्याविषयी जे आहे, ते एका बैठकीत वाचून संपते. ते आधी सांगणे बरे. गेम खेळावा की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

त्याचे स्वतःचे नाव कुठेही नोंदलेले नाही. आईबापांनी ठेवलेले नाव, गाव, भाषा, जमात यांपैकी काहीच समकालीन कागदांत सापडत नाही. पोर्तुगीज पत्रांत त्याचा उल्लेख नुसता काफ्री असा येतो. अरबीतला काफिर हा शब्द पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उचलला आणि तेथल्या कृष्णवर्णीयांना सरसकट लावला. गोव्याच्या बोलीत तोच खाप्री होऊन राहिला. जपानी बखरकाराने त्याला काळा भिक्षू म्हटले. पाद्र्यांसोबत आलेला माणूस त्याच्या लेखी बहुधा भिक्षूच असावा. तो मोझांबिकचा होता, असे फ्रान्स्वा सोलिए या फ्रेंच जेझुइटाने १६२७ मध्ये लिहिले. पण तोवर क्योटोच्या त्या सोमवाराला जवळजवळ अर्धशतक लोटले होते.

यासुकेला जपानात आणणाऱ्याविषयी मात्र भरपूर माहिती आहे. अलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटलीतील किएती गावच्या घरंदाज कुटुंबातला जेझुइट. पूर्वेकडील साऱ्या मिशनांचा निरीक्षक म्हणून तो सप्टेंबर १५७४ मध्ये गोव्यात उतरला. जेझुइटांचा पूर्वेकडचा सारा कारभार तेव्हा गोव्यातून चाले. हिंदुस्थानातील काम आटोपून तो मलाक्का आणि मकाव या वाटेने जुलै १५७९ मध्ये जपानच्या कुचिनोत्सु बंदरात पोहोचला. त्याच्यासोबत आलेला हा आफ्रिकी सेवक त्याने हिंदुस्थानातून आणला, असे सोलिए सांगतो. हे अगदी शक्य कोटीतले आहे. मोझांबिकहून गोव्याकडे येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांतून गुलाम आणले जात, आणि गोव्यातील श्रीमंत पोर्तुगीजांच्या घरांत, पालख्यांच्या मागेपुढे आफ्रिकी माणसे नित्य दिसत. योगायोग असा, की यासुकेविषयी सर्वाधिक लिहून ठेवणारा फ्रोइशही गोव्यातच घडला होता. १५४८ मध्ये तो तेथे आला, तेथेच शिकला आणि तेथेच त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला क्योटोतील त्या गर्दीचे थोडे नवल वाटेल. त्याच सुमारास दख्खनमध्ये हबशी माणूस पाहायला कुणी दारे मोडली नसती. अहमदनगरच्या निजामशाहीत चंगीजखान हा मूळचा हबशी गुलाम पेशवेपदापर्यंत पोहोचला होता. त्यानेच विकत घेतलेला अंबर नावाचा तरुण पुढे मलिक अंबर म्हणून साऱ्या निजामशाहीचा सूत्रधार झाला आणि मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजविले. अंबर आणि यासुके यांच्या वयात फार अंतर नव्हते. एकाच्या नावे खडकी शहर, नहर, जमीनमहसुलाची पद्धत आणि खुलताबादची कबर आहे. दुसऱ्याच्या नावे काही ओळी. हा फरक केवळ कर्तृत्वाचा नाही. दख्खनमध्ये गुलामाला सरदार होण्याची मळलेली वाट होती. जपानात तशी वाट नव्हती. तेथे होता फक्त एका माणसाचा लहरी लोभ.

तो माणूस म्हणजे ओदा नोबुनागा. १५३४ मध्ये ओवारी प्रांतातील एका दुय्यम घराण्यात तो जन्मला. १५६८ मध्ये त्याने क्योटोत प्रवेश केला. १५७१ मध्ये हिएई पर्वतावरील एन्र्याकु-जी हा बलाढ्य मठ जाळून तेथील माणसांची कत्तल केली आणि १५७५ मध्ये नागाशिनोच्या लढाईत बंदुकांच्या बळावर ताकेदा घराण्याची सेना मोडली. १५८१ मध्ये मध्य जपान त्याच्या मुठीत होते. बिवा सरोवराकाठी अझुची येथे त्याने नवा किल्ला उभारला होता. त्याच्या मुख्य मनोऱ्यास सात मजले होते. बौद्ध मठांचा तो वैरी, म्हणून पाद्र्यांचा मित्र. आणि परक्या मुलखातल्या वस्तूंचे त्याला विलक्षण कुतूहल.

मठापुढच्या गोंधळाची वार्ता त्याच्या कानी गेली आणि त्याने त्या माणसाला बोलावणे धाडले. पाद्री ऑर्गान्तिनो त्याला घेऊन गेला. हा रंग नैसर्गिक आहे, शाईचा लेप नाही, यावर नोबुनागाचा विश्वास बसेना. त्याने त्याला कमरेपर्यंत वस्त्रे उतरवायला लावली. खात्री पटल्यावर त्याला अत्यानंद झाला. त्याने आपल्या मुलांना बोलावून घेतले. त्याच्या पुतण्याने पाहुण्याला दहा हजार नाण्यांची बिदागी दिली. नोबुनागाचा चरित्रकार ओता ग्युइची यानेही ही भेट नोंदविली आहे : वय सव्वीस-सत्तावीस, धडधाकट, देखणा, बैलासारखा काळा आणि दहा माणसांचे बळ असलेला.

भेटीनंतर चार-पाच दिवसांनी, १ एप्रिलला नोबुनागाने क्योटोत घोड्यांची भव्य मिरवणूक काढली. वालिन्यानोने भेट दिलेली किरमिजी मखमलीची खुर्ची तीत चार माणसांनी मिरवली. पाद्र्यांनी नोबुनागाला दिलेली भेट ही एवढीच नव्हती. त्याच्या मागणीवरून तो आफ्रिकी सेवकही त्याला देण्यात आला. पत्रांत हे खुर्चीइतक्याच सहजतेने येते. त्या माणसाला काय वाटले, हे विचारण्याचे कुणाच्या मनात आल्याची खूण कागदावर नाही.

पुढचे काही महिने लोरेन्सो मेशिया या पाद्र्याच्या पत्रातून थोडे उजळतात. हा माणूस एव्हाना बऱ्यापैकी जपानी बोलू लागला होता आणि नोबुनागाला त्याच्याशी बोलण्याचा कंटाळा येत नसे. तो ताकदवान होता, त्याला काही करामतीही येत. आपली त्याच्यावर मर्जी आहे हे साऱ्यांना कळावे म्हणून नोबुनागाने सोबत माणूस देऊन त्याला शहरभर फिरवले. हा त्याला आता मोठा सरदार करणार, अशी लोकांत कुजबुज होती. या पत्रातले जपानी बोलण्याचे वाक्य फार मोलाचे आहे. मोझांबिकपासून क्योटोपर्यंतच्या त्याच्या प्रवासात किमान दोन परक्या भाषा त्याने आत्मसात केल्या, त्या कुणाही शाळेत न जाता. नोबुनागासारखा तापट आणि चतुर माणूस ज्याच्याशी तासन् तास बोलतो, तो नुसताच धिप्पाड देह नव्हता.

आता वादाच्या मुद्द्याकडे. ओता ग्युइचीच्या ग्रंथाच्या ज्या प्रती उपलब्ध आहेत, त्यांपैकी माएदा घराण्याच्या संग्रहातील एका प्रतीत काही जादा मजकूर आहे. त्यानुसार नोबुनागाने या माणसाला तनखा दिला, राहायला घर दिले, म्यानासह आखूड तलवार दिली आणि कधीकधी तो धन्याची हत्यारे वाहून नेई. सामुराई हा शब्द तेथे नाही. त्यावर बोट ठेवून त्याला नोकर ठरविणारे ठरवितात. पण त्या काळच्या जपानात लढवय्ये आणि इतर यांच्यातील भिंत अजून पक्की झालेली नव्हती. शेतकऱ्यांची हत्यारे जप्त करण्याचा हुकूम निघाला तो १५८८ मध्ये, आणि तो काढणारा तोयोतोमी हिदेयोशी स्वतः सामान्य घरातून, नोबुनागाच्या हलक्या चाकरीतून वर आला होता. धन्याचा तनखा, धन्याने दिलेले घर आणि कमरेला तलवार हे ज्याला मिळाले, तो धन्याच्या पदरचा माणूस. प्रस्तुत लेखकाला यात फार वादाचे काही दिसत नाही. मात्र सेनापती, सल्लागार, रणझुंजार योद्धा ही सारी पुढची भर आहे. १९६८ मध्ये कुरुसू योशिओ यांनी जपानी मुलांसाठी त्याच्यावर पुस्तक लिहिले. २०१९ मध्ये थॉमस लॉकली यांचे इंग्रजी पुस्तक आले. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर अॅनिमेशन मालिका आली, आणि प्रत्येक वेळी यासुके थोडा अधिक उंच होत गेला.

गेमने या साखळीत पुढचा दुवा जोडला. त्याची दुसरी नायिका नाओए ही इगा प्रांतातील शिनोबी, म्हणजे गुप्तहल्ले करणाऱ्या परंपरेतली काल्पनिक तरुणी. इगाची लढाई मात्र काल्पनिक नाही. १५८१ च्या शरद ऋतूत नोबुनागाच्या फौजांनी चहूबाजूंनी घुसून तो डोंगराळ प्रांत जाळून काढला. गेममध्ये त्या स्वारीत यासुके आहे. अस्सल कागदांत त्याचा तेथे उल्लेख नाही. ज्या सत्तेने नाओएचे गाव जाळले, त्याच सत्तेच्या चाकरीत असलेला यासुके पुढे तिचा साथीदार होतो, हे कथानकाचे बीज. ते चांगले आहे, आणि पहिल्या काही तासांत लेखकांनी ते जपलेही आहे.

खेळताना सर्वाधिक सुखावतो तो मुलूख. क्योटो, ओमी, सेत्सु, तांबा, यामातो अशा प्रांतांचा तो प्रदेश चारही ऋतूंतून फिरतो. हिवाळ्यात तळी गोठतात, छपरावरून चालताना बर्फाचे सुळके खाली पडतात. शरदात लाल पानांनी वाटा झाकतात. अझुचीचा किल्ला १५८२ मध्येच जळाला. आज तेथे केवळ दगडी जोती उरली आहेत. पडद्यावर त्याच्या आवारात शिरताना काही क्षण लढायचे विसरायला होते. पात्रांना जपानी आणि पोर्तुगीज बोलू देण्याची सोय आहे, ती जरूर वापरावी. इंग्रजीत खेळल्यास भाषेतला तो परकेपणाच हरवतो, आणि यासुकेच्या आयुष्यात तोच तर मुख्य होता.

नाओएच्या वाट्याला अंधार, छपरे आणि दोराची आकडी; यासुकेच्या वाट्याला तलवार, लोखंडी सोटा, धनुष्य आणि बंदूक. उंचावरून गवताच्या ढिगात अलगद उडी मारणे ही या मालिकेची जुनी खूण. यासुके ती मारतो तेव्हा धाडकन आदळतो आणि कण्हत उठतो. त्याचे देहमान इतके मनाशी धरून केलेली ही गंमत खरोखर आवडते. पण वीस-पंचवीस तासांनंतर गेम थकतो. ठार मारायच्या माणसांच्या याद्या वाढत जातात, एक किल्ला दुसऱ्यासारखा वाटू लागतो आणि यासुके दार फोडून आत जाणारा पहिलवान एवढाच उरतो. ज्या माणसाविषयी कागद सांगतात की तो बोलका होता, त्याला गेमने शत्रूंची मुंडकी उडवण्याच्या कामाला जुंपले आहे. खेळण्याजोगा आहे का? ज्याला जपानचा तो काळ डोळ्यांनी पाहायचा आहे आणि रक्तपाताचे वावडे नाही, त्याने अवश्य खेळावा, आणि शक्य तेथे नाओएला पुढे करावे. चरित्र म्हणून मात्र नव्हे. आणि हा गेम प्रौढांसाठी आहे. घरातल्या शाळकरी मुलांना जपानचा इतिहास कळेल म्हणून तो आणून देऊ नये.

जपानातही तो सुखासुखी पोहोचला नाही. गेममध्ये एका खऱ्याखुऱ्या देवस्थानाची नासधूस करता येते, यावरून मार्च २०२५ मध्ये तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहात प्रश्न निघाला आणि तत्कालीन पंतप्रधान शिगेरू इशिबा यांना उत्तर द्यावे लागले. कंपनीने पहिल्याच दिवशी दुरुस्ती पाठवून देवस्थानांतील वस्तू फुटू नयेत अशी व्यवस्था केली.

पुन्हा यासुकेकडे. १५८२ च्या वसंतात नोबुनागाने ताकेदा घराणे नामशेष केले आणि वाटेत फुजी पर्वत पाहत तो तोकुगावा इएयासुच्या मुलखातून परतला. या प्रवासात ११ मे रोजी मात्सुदाइरा इएतादा या सरदाराने आपल्या रोजनिशीत एक नोंद केली. नोबुनागासोबत पाद्र्यांनी दिलेला, तनखा असलेला एक काळा माणूस आहे. अंग शाईसारखे, उंची सहा शाकू दोन सून, नाव यासुके. आजच्या मापात ही उंची सुमारे १८८ सेंटिमीटर भरते. यासुके हे नाव ज्या समकालीन कागदामुळे आपल्याला ठाऊक झाले, तो हा. एका तिऱ्हाइताने सहज चार ओळी लिहिल्या नसत्या, तर तो आजही काफ्री किंवा काळा भिक्षूच राहिला असता.

पुढे सहा आठवड्यांच्या आत सारे संपले. २१ जून १५८२ च्या पहाटे नोबुनागा क्योटोतील होन्नो-जी मंदिरात मोजक्या माणसांनिशी मुक्कामास होता. त्याचाच सेनापती अकेची मित्सुहिदे याने हजारोंच्या सेनेनिशी मंदिराला वेढा घातला. नोबुनागाने पेटलेल्या मंदिरात प्राण सोडला. त्याचे शिर यासुकेने वाचवून नेले, ही पुढे लोकप्रिय झालेली कथा समकालीन कागदांत नाही. तेथे जे आहे, ते अधिक विचार करायला लावणारे आहे.

जेझुइटांचे देऊळ होन्नो-जीपासून जेमतेम एका गल्लीवर होते. धनी मेला होता. यासुकेला कुणाला जाब द्यायचा नव्हता. गल्ली ओलांडून तो आपल्या जुन्या धन्यांकडे जाऊ शकला असता. तो गेला नोबुनागाचा वारस नोबुतादा जेथे उरलेल्या माणसांनिशी लढत होता त्या निजोच्या वाड्याकडे, आणि तेथे बराच वेळ लढला. नोबुतादानेही तेथेच पोट चिरून घेतले. अखेर अकेचीचा एक माणूस यासुकेजवळ आला आणि त्याने न घाबरता तलवार दे असे सांगितले. यासुकेने ती दिली.

याचे काय करावे, असे अकेचीला विचारण्यात आले. हा काळा माणूस जनावर आहे, याला काही कळत नाही आणि हा जपानीही नाही. तेव्हा मारू नका, हिंदुस्थानच्या पाद्र्यांच्या देवळात नेऊन ठेवा, असा त्याने निकाल दिला. यात तिरस्कार होता की जीव वाचवण्याची पळवाट, यावर अभ्यासकांत दोन मते आहेत. फ्रोइशच्या वृत्तांतानुसार पाद्र्यांनी त्यावर सुटकेचा निःश्वास टाकला. पंधरा महिन्यांपूर्वी ज्या मठाचे दार गर्दीने मोडत आणले होते, त्याच पाद्र्यांच्या आश्रयाला यासुके परतला. या वेळी त्याच्या कमरेला तलवार नव्हती.

यानंतर यासुके हे नाव कुठल्याही कागदावर येत नाही. सन १६०५ मधील एका जपानी चित्रपडद्यावर सरदारांसमोर कुस्ती खेळणारा एक सावळा माणूस दिसतो. तो यासुके असावा असे काही जण मानतात. आणखी एक धागा १५८४ चा. क्युशू बेटावरील ओकितानावातेच्या लढाईत ख्रिस्ती सरदार आरिमा याच्या बाजूने समुद्रातून तोफा डागल्या गेल्या. त्या चालविणारे दोघे परदेशी होते, असे फ्रोइश लिहितो. एक काफ्री, तो तोफेत दारू भरी; दुसरा मलबारचा, तो बत्ती देई. नाव दोघांचेही त्याने लिहिलेले नाही.